बाबांनी हात जोडले तो पुतळा

आईबाबा २०१८च्या उन्हाळ्यात ब्रिस्टलला माझ्याकडे राहायला आले होते. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. कुठल्याही गावात गेले की आधी तिथले पुतळे बघणार. पहिल्याच रविवारी त्यांना कॉलेज ग्रीनला नेलं, राजा राममोहन रॉय यांच्या पुतळ्यापाशी. रॉय ब्रिस्टललाच वारले, २७ सप्टेंबर १८३३ला. त्याच्या महिनाभर आधी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा पक्का केला होता, हे बाबांनी मला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. मग चालत आम्ही शहराच्या मध्यभागी, सेंटर म्हणतात त्या चौकात आलो. तिथे चौथऱ्यावर आणखी एक ब्राँझचा पुतळा होता. लांब केसांचा टोप, काठीवर रेललेला, हनुवटीला हात, खोल विचारात बुडालेला. खाली पाटी होती: शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि सुज्ञ सुपुत्राचं स्मारक म्हणून ब्रिस्टलच्या नागरिकांनी उभारलं, १८९५.

बाबांनी विचारलं, "कोण गं हे?"

मी म्हटलं, "एडवर्ड कोल्स्टन. मोठा दानशूर होता म्हणे. इथे निम्म्या गोष्टींना त्याचंच नाव आहे." बाबांनी सवयीने हात जोडले आणि मी फोटो काढला.

दीड वर्ष मी रोज त्या पुतळ्याजवळून बस पकडत होते. मला खरंच एवढंच माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीला कौतुकाने फोटो दाखवले. तिचे आजी-आजोबा जमैका या कॅरिबियन बेटावरून आलेले. तो फोटो आला आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, "मी लहान असताना आई आम्हाला त्या बाजूने नेत नसे."

कोल्स्टन १६८०मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीत शिरला आणि पुढे तिचा डेप्युटी गव्हर्नर झाला. पश्चिम आफ्रिकेतून माणसं विकत घेऊन ती कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत विकायची, हा या कंपनीचा मोठा धंदा. तो कंपनीत होता त्या काळात सुमारे ८४,००० माणसं जहाजांत कोंबून नेली गेली. त्यातली १९,००० वाटेतच मेली. ब्रिस्टलमधल्या शाळांना, चर्चना, म्हाताऱ्यांच्या आश्रमांना त्याने पैसा दिला हेही खरं आहे. त्यातला बराच पैसा कुठून आला होता, त्याबद्दल पाटीवर एक अक्षर नव्हतं.

"त्या काळी तसंच चालायचं, आजच्या फूटपट्टीने मोजू नका," हे मला आजवर अनेकांनी ऐकवलं आहे. पण पुतळा त्या काळचा नाहीच! कोल्स्टन मेला १७२१मध्ये आणि पुतळा उभा राहिला १८९५मध्ये, म्हणजे १७४ वर्षांनी आणि गुलामगिरीविरोधी कायद्याला ६२ वर्षं झाल्यावर. उभारणाऱ्यांना सगळं ठाऊक होतं. आणि "नागरिकांनी" म्हणावं, तर लोकांकडून पुरेशी वर्गणीसुद्धा जमली नव्हती.

"पाडापाडी कशाला, सनदशीर मार्गाने जा," हेही म्हणतात. माझा स्वतःचा कल त्याच बाजूला आहे. पुतळ्याला धक्का लागला की गावात काय होतं हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. दुकानांची शटर धडाधड खाली येताना मी पाहिली आहेत. म्हणून पुतळ्यापाशी जी दुसरी पाटी लावायची होती, तिचं काय झालं ते नीट सांगते. कारण सनदशीर मार्ग म्हणतात तो हाच होता.

पुतळा राहू दे, पण खरं सांगणारी आणखी एक पाटी लावू, असं २०१८मध्ये ठरत होतं. पहिल्या मसुद्यात म्हटलं होतं की ८४,००० आफ्रिकनांना गुलाम करण्यात कोल्स्टनचा सक्रिय सहभाग होता आणि त्यात १२,००० मुलं होती. मग शब्दांची ओढाताण सुरू झाली. शेवटच्या मजकुरात 'गुलाम करण्यात सक्रिय सहभाग'च्या जागी 'वाहतुकीशी संबंध' आला. १२,००० हा आकडा गेला. आणि सुरुवातीलाच आलं, शहराच्या थोर दात्यांपैकी एक. ती पाटी ओतून तयारही झाली होती. महापौर मार्विन रीस यांनी मार्च २०१९मध्ये ती अडवली. त्यांचे वडील जमैकाचे. त्यांनी अडवली ते बरोबरच केलं. पण त्यानंतरही जुनी पाटी तशीच राहिली, सद्गुणी आणि सुज्ञ.

७ जून २०२०ला, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसांनी मारल्यानंतरच्या मोर्चात, लोकांनी दोर बांधून पुतळा खाली ओढला आणि रस्त्यावरून लोटत नेऊन बंदरात टाकला. जिथे टाकला तिथून जवळच पेरोचा पूल आहे. पेरोला नेव्हिस बेटावर लहानपणीच विकत घेतलं आणि मालकाने नोकर म्हणून ब्रिस्टलला आणलं होतं. दोनच दिवसांनी लंडनच्या गोदीतला रॉबर्ट मिलिगनचा पुतळा क्रेनने शांतपणे उचलला गेला. या मिलिगनच्या मालकीची ५२६ माणसं होती. म्हणजे क्रेन होत्या, कामगार होते, रस्ता मोकळा होता. ब्रिस्टलमध्ये हे आधीच करता आलं असतं, तर दोर लागलेच नसते. चौघांवर खटला झाला आणि ५ जानेवारी २०२२ला ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. मला त्या निकालाने बरं वाटलं, हे लपवत नाही.

"पुतळे काढले तर इतिहास पुसला जाईल," ही भीती मला पटत नाही. मुंबईतला सातव्या एडवर्डचा घोडा १९६५मध्ये भर चौकातून राणीच्या बागेत गेला. इंग्रजांचं राज्य त्यामुळे कोण विसरलं? काळा घोडा हे नावसुद्धा तसंच राहिलं. पुतळा हा इतिहासाचा धडा नसतो, तो मान असतो. उंच चौथऱ्यावर माणूस उभा केला की बघणारा हात जोडतो. माझ्या बाबांनी जोडले.

पुतळा पाडल्याची बातमी आली त्या रात्री बाबांचा फोन आला. बराच वेळ बोलेनात. मग म्हणाले, "अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना जोतीरावांनी १८७३ साली पुस्तक अर्पण केलं. ते मी मुलांना शिकवलं. आणि तिथे येऊन मी या माणसाला नमस्कार केला." मी म्हटलं, माझी चूक, मीच नीट सांगितलं नाही. ते म्हणाले, "तू पाटीवरचंच सांगितलंस."

२०२१च्या उन्हाळ्यात तो पुतळा बंदराकाठच्या एम शेड संग्रहालयात ठेवला होता. आडवा, अंगावर रंगाचे फराटे तसेच, आणि शेजारी सगळी हकिकत. त्याचं पुढे काय करावं याबद्दल शहराने लोकांना विचारलं तेव्हा सुमारे १४,००० जणांनी मत दिलं आणि पाचातल्या चौघांनी सांगितलं, संग्रहालयातच असू दे. माझंही मत तेच. वितळवू नका, पुन्हा उभाही करू नका. मी तिथून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी मला सगळा मजकूर हळूहळू वाचायला लावला. शेवटी मी विचारलं, अल्बममधला आपला तो फोटो काढून टाकू का?

"काढू नकोस," म्हणाले.

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा अल्बम उघडला. फोटो जागेवर आहे, बाबा हात जोडून उभे आहेत. मागे त्यांच्या शाईच्या पेनाने, फळ्यावर लिहायचे तशा वळणदार अक्षरात लिहिलंय: एडवर्ड कोल्स्टन, गुलामांचा व्यापारी. ८४,००० माणसं, त्यात १२,००० मुलं. १९,००० वाटेत मेली. मला माहीत नव्हतं.