उमेदवारीची वही

गेल्या महिन्यात बडोद्याहून दादाचा फोन आला, तेव्हा तो मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या बैठकीतून नुकताच घरी पोहोचला होता. बैठक केंद्र सरकारच्या आयटीआय सुधारणेच्या योजनेवर होती. देशातल्या एक हजार सरकारी आयटीआयंसाठी ६०,००० कोटी रुपये, त्यांपैकी १०,००० कोटी उद्योगांकडून अपेक्षित, आणि त्या बदल्यात संस्थांच्या कारभारात उद्योगांना थेट स्थान, अशी तिची मांडणी आहे. बैठकीत एकाने विचारले की नवी यंत्रे येतील, पण त्यांच्यावर शिकवणार कोण? दुसऱ्याने सांगितले की शिकवून तयार केलेला पोरगा वर्षभरात दोन हजार रुपये जास्त घेऊन शेजारच्या शेडमध्ये उभा दिसतो, तेव्हा आपण खर्च कशासाठी करायचा? दादा या दुसऱ्या मताचा आहे. त्याच्या कारखान्यात अकरा माणसे आहेत आणि गेल्या चार वर्षांत त्याने घडवलेले तीन टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर, असेच गेले. "तुमच्याकडे हे कसं जमतं, ते एकदा नीट लिहून काढ," असे तो म्हणाला, म्हणून हे लिहिते आहे.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ एसलिंगेनमध्ये सतरा वर्षे राहते, यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते आणि गेली काही वर्षे इथल्या उद्योग-व्यापार मंडळाच्या परीक्षा समितीवर मानद परीक्षक आहे. या उन्हाळ्यातली एक परीक्षा सांगते. समोर एकोणीस वर्षांची मुलगी, साडेतीन वर्षांची उमेदवारी संपवून आलेली. टेबलाच्या या बाजूला आम्ही तिघे: मालकांच्या बाजूने मी, कामगारांच्या बाजूने एका दुसऱ्या कारखान्यातले जुने फिटर आणि तिसऱ्या म्हणजे एका व्यवसाय-शाळेतल्या शिक्षिका. तिच्या स्वतःच्या कारखान्यातले आमच्यात कोणीही नव्हते. तिने दुरुस्त केलेल्या एका सरकत्या जोडाबद्दल फिटर आजोबांनी विचारले, "इथे एच-७, जी-६ हेच फिट का घेतलेस?" फिट म्हणजे भोकात दांडा किती सैल किंवा घट्ट बसवायचा ते. मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली की आधी तिने याहून घट्ट फिट घेतले होते, यंत्र तापल्यावर दांडा अडकला, म्हणून ते बदलावे लागले. तिने आपली वही उघडून त्या आठवड्याचे पान दाखवले. दांड्याचे माप, तापल्यावरचे माप, चूक कुठे झाली ते, आणि खाली शिकवणाऱ्याची सही.

ही वही प्रत्येक शिकाऊ उमेदवाराला ठेवावी लागते. या आठवड्यात काय केले, कोणत्या यंत्रावर केले, शाळेत काय शिकवले, हे तो लिहितो आणि कारखान्यातला प्रशिक्षक त्यावर सही करतो. वही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. मला या सगळ्या व्यवस्थेत ही वही फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे उमेदवाराला वर्षभर झाडू मारायला लावून शेवटी प्रमाणपत्र हातात देणे कारखान्याला अवघड होते.

बाकीची रचना थोडक्यात सांगता येईल. १९६९च्या कायद्याने सव्वातीनशेच्या आसपास व्यवसायांसाठी देशभर एकच अभ्यासक्रम असतो आणि तो मालक, कामगार संघटना व सरकार एकत्र बसून ठरवतात. उमेदवाराचा करार थेट कारखान्याशी होतो. तो आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि उरलेले दिवस कामावर असतो. २०२० पासून पहिल्या वर्षाचे किमान वेतन कायद्याने ठरलेले आहे. त्या वर्षी ते महिन्याला ५१५ युरो होते, २०२५ मध्ये ६८२ झाले. करार नोंदवणे, प्रशिक्षक लायक आहे की नाही ते पाहणे आणि परीक्षा घेणे हे काम त्या भागातल्या उद्योग-व्यापार मंडळाचे असते, आणि या मंडळाचे सभासदत्व कारखान्याच्या मर्जीवर सोडलेले नाही, ते सक्तीचे आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही, उलट तो जर्मनीच्या कायद्याहून जुना आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा आहे. २०१९च्या नियमांनुसार तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि त्यांचे किमान विद्यावेतन त्या नियमांत ५,००० ते ९,००० रुपयांच्या दरम्यान ठरवले गेले. आमच्या मावसबहिणीच्या मुलाने फिटरचा ट्रेड पूर्ण करून बडोद्याजवळच्या एका मोठ्या कारखान्यात वर्षभर उमेदवारी केली. आयटीआयमध्ये तो दिवसदिवस कानस चालवून, जॉबला गुण्या लावून, उजेडाकडे धरून फट दिसते का ते पाहात असे. हात चांगला बसला होता. कारखान्यात त्याला पॅकिंगच्या लाइनवर उभे केले आणि वर्ष संपेपर्यंत तिथेच ठेवले. टक्केवारी भरली, प्रमाणपत्र मिळाले. त्याने वर्षभर काय केले हे विचारणारे कोणीच नव्हते, कारण विचारण्याचे काम कोणाकडे सोपवले गेलेलेच नाही, असे मला मनापासून वाटते.

आता दादाचा प्रश्न. शिकलेला पोरगा पळवला जातो तेव्हा जर्मन मालक काय करतो? कायद्याने तोही काही करू शकत नाही. उमेदवारी संपली की मुलगा मोकळा असतो, आणि अशा वेळी बंधपत्र लिहून घेता येत नाही. इथेही सगळे कारखाने शिकवत नाहीत, साधारण पाचातला एकच शिकवतो. तरीही व्यवस्था उभी राहते, कारण मंडळाची वर्गणी न शिकवणाऱ्यालाही भरावी लागते आणि परीक्षेचा काही भार त्यातून उचलला जातो. बांधकाम क्षेत्रात तर सर्व कंपन्यांकडून ठरावीक रक्कम गोळा होते आणि जो शिकवतो त्याला त्यातून भरपाई मिळते. दादासारख्या लहान कारखान्यांसाठी आणखी एक सोय आहे: ज्याच्याकडे लेथ आहे पण ग्राइंडिंग नाही, तो आपल्या उमेदवाराला काही आठवडे सामायिक प्रशिक्षण कार्यशाळेत किंवा शेजारच्या कारखान्यात पाठवतो. तीन-चार कारखाने मिळून एकाच मुलाला पूर्ण व्यवसाय शिकवतात.

मात्र दादाने जर्मनीला आदर्श मानू नये असेही मी त्याला सांगितले. इथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि कामगाराचा मुलगा कामगारच होण्याकडे त्या वाटा झुकतात. आईवडिलांना इथली भाषा नीट येत नसेल तर त्या वयात मुलासाठी भांडणारेही कोणी नसते. माझ्या मुलीच्या वर्गातल्या दोन तुर्की मुलींच्या बाबतीत मी हे जवळून पाहिले आणि ते मला अजून सलते. बडोद्यात दहावीनंतर आयटीआयकडे वळणारा मुलगा पुढे डिप्लोमा, मग डिग्री असा चढत जाऊ शकतो. ही वाट अरुंद असली तरी ती बंद होता कामा नये.

आणि खरे तर बडोद्याला हे सगळे परके नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे ते सोपवले, आणि रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम हे लोकांच्या भाषेत शिकवायचे असे ठरवले. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. गज्जरांनी पुढे अलेम्बिकच्या उभारणीत भाग घेतला, म्हणजे शिक्षक आणि कारखानदार यांच्यामध्ये भिंत नव्हती. आज कलाभवनाचा वारसा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेकडे आहे, ती पदवीधर घडवते, आणि फिटर-टर्नर घडवण्याचे काम तिच्या दारातून कधीच बाहेर गेले आहे.

शहरात काम मात्र वाढते आहे. बडोद्याजवळच्या सावली गावात मेट्रोचे डबे बनतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये हवाई दलाच्या सी-२९५ या वाहतूक विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. मागवलेल्या ५६ विमानांपैकी ४० इथे जोडली जायची आहेत. गतिशक्ती विद्यापीठाने एअरबसशी करारही केला आहे. या मोठ्या कंपन्या आपल्यापुरती माणसे तयार करून घेतील, याची मला शंका नाही. चिंता त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या मकरपुऱ्यातल्या शेकडो शेडची आहे. २००७-०८ पासूनच्या एका योजनेत १,३९६ सरकारी आयटीआय प्रत्येकी अडीच कोटींच्या बिनव्याजी कर्जासह एकेका उद्योग-भागीदाराशी जोडले गेले होते. एका संस्थेला एक कंपनी अशी ती जोडी होती. कंपनीचे हित बदलले की अशी जोडी सैल होते, आणि तिच्या बाहेर उरलेल्या लहान कारखान्यांना त्यात जागाच नसते. नव्या योजनेत एका मोठ्या आयटीआयभोवती चार लहान संस्था असतील. त्यांच्या समितीवर नुसत्या मोठ्या कंपन्या न घेता कारखानदारांची संघटना, कामगारांचा प्रतिनिधी आणि इन्स्ट्रक्टर यांनाही मतासह बसवावे, आणि परीक्षा याच समितीच्या हातात द्यावी. बडोद्यातल्याच तरसाळीच्या आयटीआयत शिकलेल्या मुलाला गोरव्यातल्या मास्तरांनी आणि वाघोडियातल्या फिटरने तपासले, तर त्या प्रमाणपत्राला दादासुद्धा मान देईल.

हे मी दादाला सविस्तर लिहिले आणि वहीच्या एका पानाचा गुजराती नमुना करून पाठवला. त्याने तो आपल्या गल्लीतल्या पाच शेडमध्ये दाखवला. दोन मुले ठेवायची, त्यांना पाचही ठिकाणी आळीपाळीने तीन-तीन महिने पाठवायचे, विद्यावेतन वाटून घ्यायचे आणि एक निवृत्त इन्स्ट्रक्टर शनिवारी येऊन वह्या तपासतील, असे बोलणे झाले आहे. चार जण तयार आहेत. पाचवा म्हणजे ज्याच्याकडे दादाचे तीन टर्नर गेले तोच, आणि त्याने अजून उत्तर दिलेले नाही. दादा म्हणतो, त्याच्याशिवाय सुरू करू. मी म्हणते, आणखी एकदा त्याच्याकडे जा, कारण सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे, ग्राइंडिंग यंत्र गल्लीत फक्त त्याच्याकडे आहे.