नासका आंबा आणि मेशची आढी

मेश वायफाय म्हणजे मुख्य राउटर आणि घरभर सिग्नल पोचवायला त्याला जोडलेली छोटी यंत्रं, म्हणजे सॅटेलाइट. त्याबद्दल एक मजकूर बऱ्याच दिवसांपासून फिरतोय. मजकुराचं म्हणणं असं: घरातले सगळे सॅटेलाइट एकाच मॉडेलचे हवेत. एक जरी वेगळा किंवा जुना जोडला, तर अख्खं घर त्याच्या वेगावर उतरतं, घरात चालता चालता फोन एकाच यंत्राला अडकून राहतो, आणि कंपन्या असं जोडूच देत नाहीत. म्हणून एक बदलायचा तर सगळा संच बदला. वर म्हणीचा दाखलाही दिलाय: एक नासका आंबा सगळी आढी नासवतो.

आंब्यांपुरती म्हण बरोबर आहे.

आधी वेगाचं बघू. वायफायमध्ये वेग अख्ख्या नेटवर्कचा मिळून ठरत नाही, एकमेकांशी बोलणाऱ्या दोन यंत्रांपुरता ठरतो. समजा मुख्य राउटर वायफाय ६ चा, म्हणजे वायफाय ५ च्या पुढच्या पिढीचा आहे, आणि त्याला एक सॅटेलाइट वायफाय ६ चा, दुसरा वायफाय ५ चा जोडलाय. दोन्ही सॅटेलाइट दोन स्ट्रीमचे, म्हणजे एकाच वेळी माहितीचे दोन प्रवाह पाठवणारे. पहिल्याशी १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर कागदोपत्री सेकंदाला २४०२ मेगाबिटपर्यंत वेग ठरेल, दुसऱ्याशी ८० मेगाहर्ट्झवर ८६७. दुसरा हळू आहे म्हणून पहिल्याचा आकडा खाली येत नाही. राउटरशेजारी बसलेल्या लॅपटॉपचाही नाही.

तरी या दाव्यात तथ्याचा एक कण आहे, आणि मजकुरात नेमका तोच लिहायचा राहिलाय. हवा सगळ्यांची एकच. एका चॅनलवर, ढोबळमानाने, एका वेळी एकानेच बोलायचं. १०० मेगाबाइटची फाइल म्हणजे ८०० मेगाबिट. वरच्याच वेगांनी नव्या सॅटेलाइटला ती पोचवायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, जुन्याला जवळजवळ पूर्ण सेकंद. तेवढा वेळ त्या चॅनलवरचे बाकीचे ताटकळतात. म्हणजे जुन्या सॅटेलाइटवर कुणी मोठं डाउनलोड लावलं, तर इतरांना झळ बसते. तो नुसता भिंतीला लागून दिवा लुकलुकवत बसला असेल, तर फारसं काही बिघडत नाही.

म्हण पुरती लागू पडते ती रांगेत. राउटर एका टोकाला, मधे जुना सॅटेलाइट आणि त्याच्या पलीकडे नवा. नव्याचं सगळं बोलणं जुन्याच्या तोंडून जातं, मग तो कितीही भारी असो. उपाय खरेदीचा नाही, दोघांची जागा बदलण्याचा आहे: नवा मधे, जुना टोकाला. केबल टाकता आली तर हा प्रश्न बराचसा मिटतोच, फक्त पोर्ट बघून घ्या. टीपी-लिंकच्या डेको ई४ सारख्या मॉडेलला १०० मेगाबिटचेच पोर्ट आहेत.

फोन अडकण्याचं थोडक्यात. कुठला नोड (राउटर किंवा सॅटेलाइट) सोडायचा आणि कधी, हे शेवटी फोन ठरवतो. ॲपलच सांगते की आयफोन सिग्नलची ताकद उणे ७० डीबीएमच्या (हे तिचं माप) खाली जाईपर्यंत आहे त्याच नोडला धरून राहतो. सगळे नोड जुळे भाऊ असले तरी हा हट्ट तसाच राहणार.

'कंपन्या जोडू देत नाहीत' हे मात्र सरसकट खोडता येत नाही, आणि पैसे बुडतात ते इथेच. डेकोची मॉडेलं आपसात चालतात. ईरो या कंपनीच्या जुन्या-नव्या पिढ्या चालतात. आसुसच्या एआयमेश या मेश सोयीमध्ये वेगवेगळे राउटर जोडता येतात. याउलट नेटगिअर ऑर्बीचा वायफाय ५ वाला सॅटेलाइट आरबीएस५० वायफाय ६ च्या राउटर आरबीआर८५० ला जोडलाच जात नाही, खोक्यावर नाव तेच असलं तरी. आरबीआर५० ला मात्र धाकटा आरबीएस४० चालतो, फक्त राउटर आणि सॅटेलाइटमधला राखीव दुवा १७३३ ऐवजी ८६६ मेगाबिटचा मिळतो. गूगलचा २०२२ चा नेस्ट वायफाय प्रो आधीच्या नेस्ट वायफायशी जुळत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जुळावीत म्हणून २०१८ मध्ये ईझीमेश हे सामाईक मानक आलं, पण त्याचा उपयोग दोन्हीकडे ते असेल तरच. तेव्हा 'मेश' हा शब्द वाचून नव्हे, कंपनीची सुसंगततेची यादी वाचून सॅटेलाइट घ्या.

राहिला सगळा संच बदलण्याचा सल्ला. जुना सॅटेलाइट काढायला सबळ कारण आहे, पण ते वेगाचं नाही. त्याला सुरक्षा अपडेट येणं थांबलं असेल, किंवा तो डब्ल्यूपीए२ या जुन्या सुरक्षा पद्धतीवरच अडला असेल आणि त्याच्यापायी बाकीच्यांनाही तिथेच ठेवावं लागत असेल, तर काढा. पण त्यालाच काढा, शेजारच्या धडधाकट नव्यांना कशाला?

खात्री करायची असेल तर जुन्याचा प्लग काढा, मुख्य राउटरपासून दोन-तीन पावलांवर बसून वेग मोजा. मग प्लग लावा, त्याला जोडलं जायला पाचेक मिनिटं द्या आणि पुन्हा मोजा. मात्र दोन्ही वेळा लॅपटॉप मुख्य राउटरलाच जोडलेला आहे ना, हे ॲपमध्ये बघून घ्या. नाहीतर जुन्या सॅटेलाइटचाच वेग मोजाल आणि तोच मजकूर आणखी चार जणांना पाठवाल.