सहा दिवस, आदाम आणि विहिरीतला तांबडा थर

जय ख्रिस्त, दादा.

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: देवानं सहा दिवसांत जग घडवलं, हे बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकातले दिवस मी शब्दशः घेत नाही, म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवतो. दिवस खरे नाहीत तर आदाम खरा कशावरून? आणि आदामच नसेल तर ख्रिस्त वधस्तंभावर गेला कशासाठी?

शेवटचा प्रश्न अवघड आहे. दिवसांचं सोपं, म्हणून ते आधी.

सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ नि सकाळ कशावर मोजायची? हे तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं विचारलंय, आणि त्याचं आख्खं आयुष्य शास्त्राच्या अभ्यासात गेलं. पहिल्या अध्यायात झाडं, प्राणी, शेवटी माणूस. दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग प्राणी. हे दोन अध्याय शेजारी ठेवणाऱ्याला फरक दिसला नसेल? मला वाटतं, त्याला वेळापत्रक द्यायचंच नव्हतं. शेजारचे लोक सूर्य-चंद्राला देव मानत होते. हा लेखक सांगतो, त्या तर देवानं लावलेल्या दोन ज्योती. (जगाच्या निर्मितीचं ख्रिस्तपूर्व ४००४ हे सालही बायबलमधलं नव्हे बरं का. अशर नावाच्या आर्चबिशपनं १६५० मध्ये वंशावळ्यांची बेरीज करून ते काढलं.)

आता आपल्या जमिनीकडं या. जालना-बीडकडं विहिरी खणणाऱ्या कुणालाही विचारा. काळा पाषाण, मांजऱ्या खडक, मध्येच कुठं तांबडा मातकट थर, खाली पुन्हा पाषाण. लाव्हाचा एक थर निवला, उन्हापावसानं झिजून त्याची माती झाली, मग तिच्यावर दुसरा लाव्हा आला. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतलं, तेव्हा तीनशे मीटरहून जास्त असाच खडक लागला आणि त्याखाली कितीतरी जुना पाया. या लाव्हाचं वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं. काही जण म्हणतात, देवानं खडक मुळातच जुना दिसेल असा घडवला. म्हणजे देवानं दगडात खोटी साक्ष कोरली! सहा दिवस शब्दशः न घेण्यापेक्षा मला हे मोठं पाखंड वाटतं.

राहिला आदाम. मानवजात कधी फक्त दोघांवर आली होती, अशी खूण आनुवंशिकतेच्या अभ्यासात सापडत नाही. आपले पूर्वज हजारोंच्या घरात होते. प्रेषित पौल तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट लिहितो की एका माणसाच्या द्वारे पाप जगात आलं. इथं ओढाताण आहे, आणि ती फक्त आपल्या मंडळीत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये माणसाच्या देहाच्या उत्क्रांतीवर अभ्यासाला मुभा दिली, पण एकच आदाम सोडायला ते तयार झाले नाहीत. कुणी म्हणतं, त्या हजारोंतून देवानं ज्याला हाक मारली तो आदाम. कुणी म्हणतं, आदाम म्हणजे आपण सगळेच. मी पहिल्या मताकडं झुकतो, पैज मात्र लावणार नाही.

पण पाप जगात आहे हे मला वंशावळीवरून कळलेलं नाही. एकाच प्रभुभोजनात बसणारे आपण, सोयरीक निघाली की हळूच विचारतो, "पण मूळचे कोण?" एवढं पाहिल्यावर तारणारा कशाला लागतो, हे समजायला मला आदामाचा जन्मदाखला लागत नाही.

नोहाच्या जलप्रलयाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, त्यावर वेगळं बोलू. तोवर पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायाचा क्रम तुम्ही कसा जुळवता, ते जरूर लिहा.