चिकन, ओव्हन आणि १८० अंशांचा हट्ट

‘चिकन कोणतंही असो, ओव्हन १८० अंशांवर लावा, ४५ मिनिटं ठेवा. आधी मोठ्या आचेवर परतून रस आत कोंडा. हाडाजवळ लाल दिसलं तर कच्चं समजा.’ हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो पाळून एक तर चिकनचा चोथा होतो, नाहीतर पाहुण्यांचं पोट बिघडतं.

१८० अंश हे ओव्हनमधल्या हवेचं तापमान. चिकन शिजलं की नाही हे ठरतं तुकड्याच्या आत किती उष्णता पोहोचली त्यावरून. अमेरिकेच्या कृषी विभागाने त्यासाठी ७४ अंश सेल्सिअसची मर्यादा घालून दिली आहे. तिथे साल्मोनेलासारखे जंतू लगेच मरतात. बोनलेस ब्रेस्टचा मध्यम तुकडा १८० वर साधारण २५ मिनिटांत तिथवर जातो. पुढची वीस मिनिटं तो फक्त सुकतो. उलट दीड किलोची अख्खी कोंबडी ४५ मिनिटांत मांडीच्या सांध्यापाशी कच्चीच राहते, तिला सव्वा तासाच्या आसपास लागतो. लेगपीसचं आणखी वेगळं: ७४ ला तो खाण्याजोगा होतो, पण ८०-८५ पर्यंत जाऊ दिला की चिवट भाग विरघळून मऊ पडतो. एकच घड्याळ या तिघांना कसं चालेल?

रस कोंडण्याची समजूत १९व्या शतकातल्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरली. परतल्यावर बनणाऱ्या थरातून पाणी बाहेर येतच राहतं; कढईतली चरचर तीच. परता जरूर, पण खमंगपणासाठी.

हाडाजवळच्या लालीने घाबरू नका. बाजारातला ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा असतो. त्याची हाडं कोवळी, त्यामुळे आतल्या मज्जेचा रंग मांसात झिरपतो आणि पूर्ण शिजल्यावरही दिसतो. पांढरं दिसलं म्हणून निर्धास्त होणं मात्र धोक्याचं, कारण ७४ च्या खालीही मांस पांढरं पडतं.

शिवाय छोट्या ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिलच्या) बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत बराच फरक असू शकतो. ओव्हनमधला पंखा चालू असेल तर आकडा वीसेक अंशांनी कमी ठेवा. दह्यात मुरवलेली, कातडी काढलेली तंगडी मी २०० वर, तेलाचा हात फिरवून ठेवते. टोकदार थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता खुपसते आणि आकडा बघूनच ट्रे बाहेर काढते.