‘फक्त शॉकअप बदला, बाकीचं जुनंच चालतं’? नाही चालत

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतोय. सस्पेन्शन सुधारायचं तर चांगले शॉकअप घ्या, हवी तर स्प्रिंग घ्या. माउंट (शॉकअपचा वरचा रबरी आधार), बेअरिंग, बंप स्टॉप (मोठा धक्का झेलणारा फोम), बुश (जोडांमधलं रबर) ही सगळी गॅरेजवाल्यांची बिल फुगवायची यादी, जुनंच परत बसवा. गाडी उंच करायची तर स्पेसर, म्हणजे स्प्रिंगपाशी बसणारी जाड चकती, टाका. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करू नका, चाकाला कुठे हात लावलाय? बिल फुगवणारे असतात हे खरंच आहे. पण या सल्ल्यापायी लोक महागडे शॉकअप वेळेआधीच वाया घालवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘माउंट म्हणजे नुसता रबराचा तुकडा.’ आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब, असतो. गाडीच्या त्या कोपऱ्याचा भार स्प्रिंगमधून या माउंटवर येतो आणि स्टिअरिंग वळवलं की अख्खा स्ट्रट वरच्या बेअरिंगवर फिरतो. स्ट्रट उतरवल्यावर ते बेअरिंग हातात घ्या आणि बोटाने फिरवून बघा. आत वाळू असल्यासारखं करकरलं किंवा मध्येच अडखळलं, तर ते गेलं. तेच परत बसवलंत तर उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगला पीळ बसतो आणि मग ती ‘टण्ण’ करून सुटते. माउंटचं रबर धातूपासून सुटलेलं असेल तर खड्ड्यात ‘खट्’ आवाज येतो आणि दोष नव्या शॉकअपच्या माथी बसतो. शिवाय नंतर एकटं माउंट बदलायचं म्हटलं तरी कंप्रेसर लावून स्प्रिंग पुन्हा दाबावी लागते. म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा.

‘बंप स्टॉप आणि डस्ट बूट असले काय, नसले काय.’ शॉकअपचा चकचकीत रॉड सीलमधून सतत वर-खाली होतो. रॉडवरचं रबरी आवरण म्हणजे डस्ट बूट; तो फाटला की धूळ आणि चिखल त्या रॉडवर बसतात, रॉडवर ओरखडे उठतात, सील कापलं जातं आणि तेल गळतं. बंप स्टॉपचा फोम जुना झाला की हाताने चुरता येतो. तो गेल्यावर मोठ्या खड्ड्यात शॉकअप आतूनच आपटतो. वरचा नट आवळताना रॉड फिरू नये म्हणून काही जण तो सरळ ग्रिप पान्यात धरतात. त्या एका चाव्याने नव्या शॉकअपचं सील खराब होऊ शकतं. तेव्हा समोर उभे राहा आणि रॉड ॲलन कीनेच धरायला सांगा.

‘पॉलियुरेथेन बुश टाका, काम कायमचं संपलं.’ हे बुश टिकाऊ आहेत, पण ते ग्रीस मागतात, कोरडे पडले की किरकिरतात आणि रस्त्याची थरथर केबिनमध्ये जास्त पोचवतात. रोज शहरात फिरणाऱ्या गाडीला मी मूळ रबराचेच बुश घेईन. खरी गडबड बसवण्यात होते. रबराचे बुश आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेले असतात, ते पिळूनच काम करतात. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळताना लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट पक्के केले, तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडीचं वजन चाकांवर असतानाच.

‘उंचीसाठी स्पेसर पुरतो.’ मारुती सुझुकीच्या जिम्नी या ऑफरोड गाडीचं उदाहरण घ्या. तिला पुढे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल आहे, तो दोन लांब आर्म आणि त्याला डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या एका आडव्या पॅनहार्ड रॉडने धरलेला असतो. बॉडी दोन इंच वर गेली की आर्मचा कोन बदलतो, ॲक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग हायवेवर गाडी तरंगल्यासारखी चालते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून नीट परत येत नाही. त्यावर इलाज म्हणून कॅस्टर दुरुस्त करणारे बुश मिळतात. पॅनहार्ड रॉडची लांबी तीच राहिल्याने ॲक्सल एका बाजूला सरकतो, तिथे लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लागतो. लांब शॉकअप टाकले असतील तर बंप स्टॉपही खाली आणावे लागतात. ब्रेकचे होज पूर्ण लोंबत्या चाकाला ताणले जात नाहीत ना, हे तर बघितलंच पाहिजे. तिथे तडजोड नको.

‘अलाइनमेंट नको.’ अनेक गाड्यांत स्ट्रट नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो, तो सोडून परत बसवला की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा झुकाव, हलतो. उंची बदलली की ‘टो’, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, तोही बदलतो. टायरची आतली कड झिजून गेल्यावर कळण्यापेक्षा आधीच करून घ्या. नवी स्प्रिंग असेल तर ती थोडी चालून बसल्यावर करा.

पैसे वाचवायला जागा आहेच. लिंक रॉडचा (अँटी-रोल बारला जोडणाऱ्या काडीचा) बॉल जॉइंट, म्हणजे गोळीवर फिरणारा सांधा, घट्ट असेल आणि त्याचं बूट शाबूत असेल, तर तो ठेवा. लोअर आर्म वाकलेला नसेल, बॉल जॉइंटमध्ये खेळ नसेल आणि तुमच्या गाडीला नुसता बुश मिळत असेल, तर अख्खा आर्म घेऊ नका. आणि जे काही बदललं असेल, त्याचा जुना भाग परत मागून घ्या.