आराम कोणाला आणि भार कोणाला?

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमची आई मोरीच्या ओल्या पायरीवर पाय घसरून पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. तेव्हा ती ७४ वर्षांची होती. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हाड व्यवस्थित जुळले, आणि मनगटापुरते बोलायचे तर ती पूर्ण बरी झाली. मात्र त्या सहा आठवड्यांत आणि त्यानंतरही आम्ही घरातल्या सर्वांनी मिळून तिच्या हातातले एकेक काम काढून घेतले. भाजी आणणे बंद झाले, गच्चीवर वाळवण घालायला जाणे बंद झाले, देवपूजेसाठी पाटाऐवजी खुर्ची आली, आणि ती उठू लागली की कोणीतरी म्हणायचे, ‘तू बस गं, आता आराम कर.’ सहा महिन्यांनी अशी वेळ आली की दोन्ही हातांचा रेटा दिल्याशिवाय तिला सोफ्यावरून उठता येईना, आणि दोन मजले चढताना ती प्रत्येक वळणावर थांबू लागली. वय झाले, असे आम्ही सगळेच म्हणालो. मीही म्हणालो. आज मला वाटते की त्या सहा महिन्यांत तिचे जे गेले, त्यातले फारच थोडे वयाने नेले होते. बाकीचे आमच्या मायेने नेले.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावण्यात आले. एवढ्या अल्प काळात त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, ते पन्नाशीत आले असताना, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. मधल्या काळात त्यांची वजने वाढली होती आणि शरीरातील चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केले होते. पुढे सहा महिने हळूहळू वाढवत नेलेले चालणे, सायकल आणि धावणे यांमुळे वयामुळे गेलेली ती क्षमता त्यांना परत मिळाली. माणसे पाचच होती, हे खरे आहे. परंतु तीच माणसे, तेच शरीर आणि मध्ये तीस वर्षे, अशी तुलना वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच कोणाला करता आली असेल, आणि म्हणूनच हा अभ्यास वाचल्यापासून ‘आराम कर’ हे शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळते.

पन्नाशीचे ठीक आहे, पण नव्वदीचे काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. १९९० साली बॉस्टनमधील वृद्धांच्या एका निवासी रुग्णालयात ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम देण्यात आला. हा व्यायाम नावापुरता नव्हता. एका वेळी जास्तीत जास्त जेवढे वजन त्यांना उचलता येईल, त्याच्या जवळजवळ ८० टक्के वजन त्यांना दिले जात होते. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाली, आणि दोघांनी हातातली काठी सोडली. याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते, ती म्हणजे व्यायाम थांबवल्यावर अवघ्या चार आठवड्यांत त्यांची ताकद ३२ टक्क्यांनी घसरली. स्नायू वयाचा दाखला पाहत नाहीत. त्यांच्याकडे काम मागितले तर ते टिकतात, आणि मागणे थांबले की विरघळू लागतात.

आमच्या ओळखीतल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी आईला तपासले, रक्तदाब आणि हृदय याविषयी आधी डॉक्टरांचे मत घेतले आणि मग जे सांगितले, ते इतके साधे होते की आम्ही ते स्वतःहून का केले नाही याचे मला वाईट वाटते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचे आणि पाच वेळा सावकाश बसायचे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. ओट्याशेजारीच, आधार हाताशी ठेवून, एका पायावर उभे राहायचे. पाच वेळा जमू लागले की आठ, आठ जमले की दोन्ही हातांत पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम सांगितलेला आहे. आपल्याकडे मात्र ज्येष्ठांचा व्यायाम म्हणजे सकाळचे फिरणे, असे समीकरण झाले आहे. फिरणे उत्तमच आहे, पण खुर्चीतून उठवायला मांडीतली ताकद लागते आणि ती केवळ सपाट रस्त्यावर चालून पुरेशी येत नाही.

पाटाच्या जागी खुर्ची आणल्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. ब्राझीलमधील डॉक्टर क्लाउडियो जिल अराऊजो यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ जणांना जमिनीवर बसायला आणि पुन्हा उठायला सांगितले. बसण्याचे पाच गुण आणि उठण्याचे पाच गुण. हात, गुडघा किंवा अन्य कशाचा आधार घेतला की प्रत्येक आधारामागे एक गुण वजा, आणि तोल डळमळला की अर्धा गुण वजा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पुढच्या सुमारे सहा वर्षांत, तीन किंवा त्याहून कमी गुण मिळवणाऱ्यांच्या मृत्यूचे प्रमाण आठ किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांच्या तुलनेत पाचपटींहून अधिक आढळले. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ काढणे चूक ठरेल. पायांची ताकद, सांध्यांची लवचिकता आणि तोल या तिन्ही गोष्टी शाबूत असल्याची ती एक खूण आहे. पण आपल्या घरांत पंगत, पूजा, निवडणे-टिपणे या निमित्ताने ही परीक्षा माणूस दिवसातून दहा वेळा देत असे, आणि सोयीच्या नावाखाली आपण ती हळूहळू रद्द करून टाकली.

इथपर्यंतचा विचार माझ्या मनात पक्का होत असतानाच एक गोष्ट मला अस्वस्थ करू लागली. आईला आम्ही ‘बस, आराम कर’ म्हणत होतो, त्याच वेळी आमच्या मोरीत पन्नाशीच्या मावशी उकिडव्या बसून भांडी घासत होत्या. त्या दिवसाला पाच घरी हेच काम करतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना आजवर आमच्यापैकी कोणीही आराम करा म्हटले नव्हते. ‘यांना वेगळ्या व्यायामाची काय गरज, दिवसभर व्यायामच तर होतो’ हे वाक्य मात्र मी अनेक सुशिक्षित घरांत ऐकले आहे.

अंगमेहनत म्हणजे व्यायाम, ही समजूत संशोधनाला मान्य नाही. डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोपनहेगनमधील १,०४,०४६ प्रौढांच्या माहितीचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध केला. फावल्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांत हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका सुमारे १५ टक्के कमी दिसला, तर कामावर फार जड श्रम करणाऱ्यांत तो सुमारे ३५ टक्के जास्त दिसला. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा फरक उरलाच. असे निरीक्षण कार्यकारण पूर्णपणे सिद्ध करत नाही, पण कारणाची दिशा समजण्यासारखी आहे. व्यायामात भार थोडा वेळ असतो, तो आपण निवडलेला असतो, आणि त्यानंतर शरीराला सावरायला वेळ मिळतो. कष्टाच्या कामात तेच सांधे तासन् तास त्याच अवस्थेत वापरले जातात, नाडीचा वेग आणि रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो, आणि थांबण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असतो.

इथे लंडनच्या बसचे प्रसिद्ध उदाहरण कोणी पुढे करील. १९५३ साली ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी दाखवून दिले की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसच्या जिन्याच्या रोज पाच-सहाशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार बराच कमी होता. तेही कामच होते, हे खरे. पण कंडक्टर डोक्यावर काही वाहत नव्हता, वाकून राहत नव्हता, आणि चढण्या-उतरण्याच्या मध्ये त्याला दम खायला थांबता येत होते.

या फरकाची किंमत जन्माआधीच मोजावी लागते, हे पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांच्या अभ्यासातून दिसले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात तो सुरू झाला. गरोदरपणात शेतीची आणि घरची कष्टाची कामे अधिक करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन कमी आणि डोक्याचा घेर लहान आढळला. त्याच मालिकेतील दुसरा निष्कर्ष आपल्या सर्वांना लागू आहे. आपली बाळे युरोपीय बाळांच्या तुलनेत अंगाने बारीक असतात, परंतु त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून असते. याज्ञिकांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना छापली होती: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ज्या समाजाची स्नायूंची पुंजी मुळातच तुटपुंजी आहे, त्याने शाळेतला खेळाचा तास गणिताला देऊन टाकावा आणि म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून ठेवावे, हे मला फार चिंतेचे वाटते.

भार देणे हे व्यायामशास्त्राचे काम असेल, तर नको तो भार काढून घेणे हे अर्गोनॉमिक्सचे, म्हणजे काम, साधने आणि जागा माणसाच्या शरीराला साजेशी करण्याच्या शास्त्राचे, काम आहे. आपल्याकडे हा शब्द ऑफिसातल्या महागड्या खुर्चीपुरता उरला आहे. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते, आणि अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही उचलण्यासाठी शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा हलका, दातेरी ‘वैभव’ विळा हे मला खऱ्या अर्गोनॉमिक्सचे उदाहरण वाटते, कारण ते भात कापणाऱ्या बाईच्या मनगटाचा विचार करते. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराखाली साधारण १० ते १५ सेंटिमीटर असावी, हे सांगणारे शास्त्र उपलब्ध असताना, आपण तो घराचा नकाशा काढणाऱ्याच्या सवयीनुसार बांधतो.

गेल्या वर्षी आम्ही मोरीत कमरेएवढ्या उंचीचा कट्टा बांधून घेतला, नळ वर घेतला आणि मावशींच्या पगारी रजा ठरवल्या. आई पुन्हा पाटावर बसून पूजा करते आणि एका हाताचा आधार घेऊन स्वतः उठते. मावशी आमच्याकडे आता उभ्याने भांडी घासतात. उरलेल्या चार घरांत त्या अजूनही उकिडव्याच बसतात.