पेनल्टी किती मिनिटांची, हे मार खाणाऱ्याने ठरवायचे का?

अमेरिकेतल्या कॉलेज आईस हॉकीच्या नियमपुस्तकात डोक्याला धडक देणे आणि पाठीमागून बोर्ड्सवर, म्हणजे बर्फाच्या रिंकभोवतीच्या भिंतीवर, ढकलणे हे गंभीर गुन्हे आहेत. त्यांना पाच मिनिटांची मेजर पेनल्टी आहे (तेवढा वेळ गुन्हेगाराचा संघ एका खेळाडूने कमी खेळतो), प्रसंगी सामन्यातून हकालपट्टी आहे आणि डिसक्वालिफिकेशन लागले तर पुढच्या सामन्यालाही मुकावे लागते. हे सगळे स्वच्छ छापलेले आहे. प्रत्यक्षात मिनेसोटाच्या हाडे गोठवणाऱ्या थंडीत, शुक्रवारी संध्याकाळी, पदरमोड करून रिंकवर जाऊन बसल्यावर असे दिसते, की तीच धडक एका सामन्यात पाच मिनिटांची असते, दुसऱ्यात दोन मिनिटांची आणि तिसऱ्यात तिच्यावर शिट्टीसुद्धा वाजत नाही. मैदानी हॉकी पाहत वाढलेल्या माणसाला अंगाने अंगाला धडक देणे नियमात बसते, हे पचवायलाच काही वर्षे लागतात. ते मी पचवले. माझी तक्रार धडकेबद्दल नाही, ती पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्या पंचगिरीबद्दल आहे.

गेल्या हंगामातली एक धडक अजून डोक्यातून जात नाही. आमच्या संघाचा एक बचावपटू कोपऱ्यात पक, म्हणजे खेळाची चकती, घ्यायला गेला. त्याचे तोंड बोर्ड्सकडे होते, पाठीवरचा क्रमांक अख्ख्या स्टेडियमला वाचता येत होता आणि बोर्ड्सपासून तो हात-दोन हात लांब होता. हेच अंतर सर्वांत घातक असते, कारण भिंतीला चिकटलेल्या खेळाडूचा धक्का अंगभर विभागला जातो, पण एवढ्या अंतरावरचा खेळाडू भिंतीवर आधी डोक्याने पोहोचतो. मागून आलेल्या फॉरवर्डने वेग आवरला नाही, त्याचे दोन्ही हात वर आले आणि हेल्मेटची जाळी आपटल्याचा आवाज आमच्या रांगेपर्यंत आला. पंचाने मायनर, म्हणजे दोन मिनिटांची किरकोळ पेनल्टी दिली. आमच्या प्रशिक्षकांनी टाइमआउट पणाला लावून निर्णयाला आव्हान दिले आणि दोघे पंच पेनल्टी बॉक्सशेजारच्या छोट्या पडद्यावर वाकले. त्यांचे पाहणे चालू असताना मार खाल्लेला मुलगा ट्रेनरच्या आधाराने उठला, हळूहळू बाकाकडे गेला, लोकांनी रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांनीच निकाल लावला. मेजर नाही, अशी घोषणा झाली. का नाही, ते कोणीही सांगितले नाही.

तो मुलगा उठला नसता आणि बर्फावर स्ट्रेचर आले असते, तर त्याच पंचांना त्याच चित्रफितीत मेजर दिसली असती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. गुन्हा मारणाऱ्याने काय केले यावरून ठरायला हवा. येथे तो मार खाणारा किती वेळ पडून राहिला यावरून ठरतो. वास्तविक मेंदूला बसलेला हादरा जागच्या जागी दिसतोच असे नाही. डोके ठणकायला, उजेड नकोसा व्हायला रात्र किंवा दुसरा दिवसही उजाडतो. निदान झालेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवायचे नाही, एवढे शहाणपण एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१० मध्येच वैद्यकीय नियमांत आणले. पंचांपर्यंत ते झिरपलेले दिसत नाही. दुसऱ्या दिवशीच्या, शनिवारच्या सामन्यात तो मुलगा नव्हता आणि कारण दिले होते 'अप्पर बॉडी इंज्युरी', म्हणजे बेंबीच्या वरचे काहीही समजा.

या खेळाने कमी किंमत मोजलेली नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीचा ट्रॅव्हिस रॉय त्याच्या पहिल्याच कॉलेज सामन्यात, बर्फावर उतरल्यापासून अकराव्या सेकंदाला, बोर्ड्सवर डोक्याने आदळला आणि मानेखाली कायमचा लुळा झाला. तिथे फाउल कोणाचाच नव्हता, धडक द्यायला तोच गेला होता. नियमात खेळूनही असे होऊ शकते, तर नियम मोडणाऱ्याला मोकळीक कसली देता? डिसेंबर २०११ च्या अखेरीस इथेच, मिनेसोटात, जॅक जॅब्लॉन्स्की या शाळकरी खेळाडूला मागून धक्का बसून त्याच्या मणक्याला जबर इजा झाली, तेव्हा राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने जानेवारीतच मागून ढकलण्याला आणि बोर्ड्सवर आदळण्याला सरसकट पाच मिनिटे लावली. पंचाच्या मर्जीला तिथे जागाच ठेवली नाही. शाळेला जे महिन्याभरात जमले, ते कॉलेजांना का जमू नये?

वर अशा पंचगिरीच्या समर्थकांची ठरलेली उत्तरे आहेतच. मान खाली घालून कशाला खेळत होता? ऐन वेळी पाठ का फिरवली? कॉलेजात चेहरा पूर्ण झाकणारी जाळी सक्तीची आहे, त्यामुळे पोरे बेफिकीर होतात, हेही एक. त्यात थोडे तथ्य असेलही, पण मग बेफिकिरीचा दंड धडक देणाऱ्याला हवा ना! अठरा वर्षांच्या पोरासमोर तेवीस वर्षांचा तयार गडी येणे तर कॉलेज हॉकीत नेहमीचेच आहे, आणि आता कॅनडाच्या मेजर ज्युनियर या तरुणांच्या अव्वल लीगमध्ये खेळलेल्यांनाही २०२५ पासून तिची दारे उघडली आहेत.

सर्वांत जास्त संताप येतो तो पुढच्या अंकाचा. पंचांनी कानाडोळा केला की साथीदार हिशेब चुकता करायला धावतो, हातमोजे पडतात, आणि मारामारीला डिसक्वालिफिकेशन ठरलेलेच असल्याने चोर सोडून संन्याशाला फाशी होते. कॉलेज हॉकीत बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी त्याच दोन संघांची गाठ असते, म्हणजे साथीदार शनिवारी घरी आणि मूळ धडक देणारा महाशय पुन्हा बर्फावर.

पंचगिरी सोपी नाही, हे मान्य. त्यांतले बरेच जण आठवडाभर दुसरी नोकरी करून येतात आणि खेळाचा वेग भयंकर असतो. पण पडद्यासमोर सावकाश, मागे-पुढे करून पाहिल्यानंतर वेगाची सबब उरत नाही. ओठांवर आलेले प्रशिक्षकांना गिळावे लागते, कारण पंचांवर जाहीर टीका केली तर कॉन्फरन्सचा, म्हणजे सामने भरवणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, बडगा बसतो. पंच सहसा पत्रकारांसमोर येत नाहीत. आणि कॉन्फरन्सने नंतर कारवाई केली तरी तीन ओळींच्या निवेदनात कारणाचा पत्ता नसतो. कोपर कुठे होते, पहिला स्पर्श कुठे झाला, पाठ केव्हा वळली, एवढे लिहायला कितीसा कागद लागतो?

मी हेच सगळे, सामन्याची तारीख आणि खेळाची वेळ देऊन, संघाच्या कार्यालयाला सविस्तर ईमेलने कळवले. आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, असे उत्तर आले. त्याखाली कोणाचे नाव नव्हते, पुढच्या हंगामाच्या तिकिटांची जाहिरात मात्र होती, सवलतीच्या मुदतीसकट.